महानौकांची तुलना आणि उपयुक्ततेचा हिशेब

बॅटलशिप, म्हणजे जाड पोलादी चिलखताची आणि अजस्र तोफांची महानौका, हा विषय निघाला की जाणकारांत एक वाद हमखास सुरू होतो. जपानची ‘यामातो’ श्रेष्ठ, जर्मनीची ‘बिस्मार्क’ श्रेष्ठ, की अमेरिकेची ‘आयोवा’? मग तोफांची आणि वेगाची कोष्टके मांडली जातात. ‘यामातो’च्या नऊ तोफा ४६ सेंटिमीटर व्यासाच्या, ‘बिस्मार्क’च्या आठ तोफा ३८ सेंटिमीटरच्या, ‘आयोवा’च्या तोफा १६ इंची, परंतु तिचा वेग ताशी ३३ सागरी मैल, तर ‘यामातो’चा अवघा २७. या कोष्टकांत एक रकाना मात्र बहुधा नसतोच. ज्या कामासाठी राष्ट्राने एवढी संपत्ती ओतली, ते काम या नौकांकडून किती झाले, हा तो रकाना होय. नौकेची श्रेष्ठता आणि तिची उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे विसाव्या शतकात बलाढ्य राष्ट्रांनाही जबर किंमत मोजावी लागली.

शर्यतीचा आरंभ

या गल्लतीचे मूळ एका खऱ्याखुऱ्या विजयात आहे. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियन आरमाराचा धुव्वा उडविला. मोठ्या तोफांच्या नौका एकाच निर्णायक लढाईत युद्धाचे पारडे फिरवू शकतात, हा सिद्धांत त्यामुळे जणू सिद्धच झाला. १९०६ मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ उतरविली. आधीच्या बॅटलशिपवर चार १२ इंची तोफा असत, तिच्यावर दहा होत्या. शिवाय वाफेच्या टर्बाइनमुळे तिचा वेगही अधिक होता. तिच्यामुळे जगातील जुन्या बॅटलशिप एका दिवसात कालबाह्य ठरल्या, आणि त्यांत सर्वांत अधिक संख्या खुद्द ब्रिटनच्याच नौकांची होती! ब्रिटनची पिढ्यान्‌पिढ्यांची आघाडी पुसली गेली आणि जर्मनीला जवळजवळ बरोबरीने शर्यतीत उतरता आले.

१९०९ मध्ये ब्रिटिश नौदलखात्याने सहा नव्या नौका मागितल्या. काटकसरवादी मंत्र्यांची तयारी चारांची होती. अखेर लोकांच्या घबराटीपुढे आठ मंजूर झाल्या. त्याच वर्षी वृद्धांचे निवृत्तिवेतनही प्रथमच सुरू झाले होते. निवृत्तिवेतन आणि नौका यांचा भार एकदम पेलण्यासाठी लॉईड जॉर्ज यांना श्रीमंतांवर आणि जमिनीवर नवे कर सुचवावे लागले. त्यावरून उमरावांच्या सभागृहाशी संघर्ष पेटून तो १९११ च्या पार्लमेंट कायद्यापर्यंत पोहोचला. एका जहाजाने राष्ट्राची अर्थव्यवस्था आणि राज्यघटना या दोन्हींना हादरा द्यावा, असे उदाहरण विरळाच.

एवढे करून पदरात काय पडले? ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत दोन्ही आरमारे समोरासमोर आली. ब्रिटनच्या १४ आणि जर्मनीच्या ११ नौका बुडाल्या. ब्रिटनचे सहा हजारांहून अधिक, तर जर्मनीचे अडीच हजारांहून अधिक नौसैनिक मृत्युमुखी पडले. आकड्यांत जर्मनी सरस ठरली, परंतु ब्रिटनची सागरी नाकेबंदी कायम राहिली आणि जर्मन महानौका पुढे बहुतांश काळ बंदरातच पडून राहिल्या. ब्रिटनला खरा घोर लावला तो पाणबुड्यांनी. खुद्द ‘ड्रेडनॉट’ जटलंडला नव्हतीच. तिने युद्धात बुडविलेले एकमेव शत्रुजहाज म्हणजे १९१५ मधील एक पाणबुडी. तीही तोफांनी नव्हे, धडक देऊन!

विमानाने बदललेले गणित

१९२२ च्या वॉशिंग्टन कराराने या शर्यतीला काही काळ आवर घातला, परंतु श्रेष्ठतेची कल्पना बदलली नाही. ती दुसऱ्या महायुद्धात उघडी पडली. मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’ने ‘हूड’ ही ब्रिटनची प्रतिष्ठेची नौका बुडविली. ‘हूड’वरील चौदाशेंहून अधिक लोकांपैकी केवळ तिघे वाचले. परंतु ‘बिस्मार्क’ निघाली होती अटलांटिकमधील व्यापारी जहाजे बुडविण्यासाठी, आणि तिने असे एकही जहाज बुडविले नाही. कापडी आवरणाच्या जुनाट दुपंखी विमानाने सोडलेल्या टॉर्पेडोमुळे तिचे सुकाणू जायबंदी झाले आणि दुसऱ्या दिवशी तिचा अंत झाला. त्याच वर्षी १० डिसेंबरला मलायाजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या नौका जपानी विमानांनी काही तासांत बुडविल्या.

हा धडा शिकविणाऱ्या जपाननेच तो पुरता घेतला नाही. जून १९४२ मध्ये मिडवेला त्याच्या चार विमानवाहू नौका बुडत असताना ‘यामातो’ शेकडो मैल मागे होती. पुढे ग्वादलकनालच्या घनघोर लढायांत जुन्या ‘हिएई’ आणि ‘किरिशिमा’ यांना पाठवून गमावले गेले. ‘यामातो’ मात्र ट्रुकच्या तळावर उभी राहिली. इंधनाची टंचाई हे एक कारण होतेच. पण जी वस्तू गमावणे परवडत नाही ती वापरणेही परवडत नाही, हे त्याहून मोठे कारण होते. ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाच्या वाटेवर, विमानांचे संरक्षण नसताना, अमेरिकन विमानांनी ती बुडविली. सुमारे तीन हजार माणसे तिच्याबरोबर गेली. अमेरिकेची विमाने पडली ती जेमतेम दहा.

दुसरी बाजू

तथापि, या नौका सर्वस्वी निरुपयोगी होत्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर १९४२ च्या एका रात्री अमेरिकेच्या ‘वॉशिंग्टन’ने ‘किरिशिमा’चा निकाल लावला, तो तोफांनीच. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरताना महानौकांच्या तोफांनी मोलाची मदत केली. नॉर्वेत दडलेल्या जर्मन ‘टिरपिट्झ’ची कथा तर विलक्षण आहे. जुलै १९४२ मध्ये ती चालून येईल या धास्तीने ब्रिटिश नौदलखात्याने रशियाकडे निघालेला जहाजांचा तांडा पांगविला आणि विमाने व पाणबुड्या यांनी त्यांतील चोवीस व्यापारी जहाजे टिपली. ‘टिरपिट्झ’ने एक गोळाही झाडला नव्हता! केवळ अस्तित्वाने शत्रूला अडकवून ठेवणे हाही उपयोगच आहे. १९९१ च्या आखाती युद्धात ‘मिसूरी’ व ‘विस्कॉन्सिन’ यांनीही तोफा आणि क्षेपणास्त्रे डागली. परंतु तीच क्षेपणास्त्रे लहान नौका आणि पाणबुड्याही डागू शकत होत्या. ३१ मार्च १९९२ रोजी ‘मिसूरी’ सेवेतून निवृत्त झाली आणि बॅटलशिपचे युगच संपले.

म्हणून प्रश्न ‘उपयोग झाला का?’ एवढाच नाही. ‘त्याच पोलादात, त्याच पैशात, त्याच कारागिरांच्या श्रमांत दुसरे काय झाले असते?’ हा खरा प्रश्न आहे. जपानचे उदाहरण येथे बोलके आहे. हे द्वीपराष्ट्र तेल, धातू आणि धान्य यांसाठी समुद्रमार्गांवर अवलंबून होते. त्याच्या व्यापारी जहाजांना हवे होते ते साध्या, स्वस्त संरक्षक नौकांचे कडे. त्याकडे दुर्लक्ष झाले. युद्धात बुडालेल्या जपानी व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून अधिक टनभार अमेरिकन पाणबुड्यांनी बुडविला. निर्णायक लढाईसाठी जगातील सर्वांत मोठी तोफ जपून ठेवणाऱ्या राष्ट्राची रसद अशी तुटली आणि त्या तोफेच्या नौकेलाही इंधन मिळेनासे झाले.

भारताचा अनुभव

या हिशेबाचा पडताळा भारताच्या किनाऱ्यावरही आला आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मुंबईत मुख्यालय असलेल्या पश्चिम नौदल विभागाच्या ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या सुमारे दोनशे टनांच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीजवळ पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडविली. पाचच दिवसांनी ‘खुकरी’ ही भारतीय नौका पाकिस्तानी पाणबुडीला बळी पडली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. दोन्ही घटनांचा बोध एकच: नौकेची योग्यता तिच्या आकारावर नव्हे, तर कोणत्या धोक्यापुढे ती उभी केली यावर ठरते. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात ‘मोस्क्वा’ ही रशियाची क्रूझर गमावली गेली, तेव्हा समोर महानौका बाळगणारे आरमार नव्हते. युक्रेनच्या म्हणण्यानुसार किनाऱ्यावरून सोडलेल्या दोन क्षेपणास्त्रांनी तिचा घात केला.

सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने सुमारे वीस हजार कोटी रुपये खर्चून बांधलेली स्वदेशी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. हिंदी महासागरातील दूरच्या मार्गांवर पहारा ठेवायचा तर विमानवाहू नौका हवी, हा युक्तिवादही पोकळ नाही. परंतु पुढच्या अशा नौकेची चर्चा करताना तिची लांबी आणि टनभार यांच्या तुलनेत रमणे पुरेसे नाही. तिने नेमके कोणते काम करावयाचे, क्षेपणास्त्रे आणि पाणबुड्या यांपुढे ती किती काळ तगेल आणि तिच्यापायी किती पाणबुड्या, किती संरक्षक नौका सोडून द्याव्या लागतील, याची उत्तरे आधी मिळावयास हवीत. हे प्रश्न विचारणे म्हणजे नौदलाविषयी अनास्था नव्हे. जे नौसैनिक या नौकांवर चढणार आहेत आणि जे करदाते त्यांचा खर्च सोसणार आहेत, त्या दोघांचाही तो हक्क आहे.