भट्टीमागची पिल्ले आणि लशीचा प्रश्न

पाथरूडकडच्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी खव्याची भट्टी आहे आणि भट्टीमागच्या सरपणात भाटी व्याली आहे. चार पिल्ले आहेत, दोन महिन्यांची. थोरला मुलगा पुण्यात शिकतो. त्याला त्यातले एक खोलीवर न्यायचे आहे. तिथल्या पशुवैद्यांनी त्याला सांगितले, की पिल्लू आणलेत की मांजरांच्या ल्युकेमियासाठी रक्त तपासून घ्या, मग लशीचे बघू. मुलाने फोनवर हे घरी सांगितले. सासूबाईंच्या कानी त्यातले 'रक्ताचा कॅन्सर' एवढेच पडले. आता त्या म्हणतात, घरात नातवंडे आहेत, कढईत दूध आटते आहे, चारही पिल्ले पोत्यात घाला आणि रानात सोडून या. ताई विचारतात, खरेच सोडायची का? आणि नाही सोडली, तर ही लस चौघांनाही टोचायची का?

मी शेतीखात्याचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. म्हणून तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून मगच लिहीत आहे.

सासूबाईंची भीती आधी घालवू. हा रोग एका विषाणूमुळे होतो. ग्लासगोचे पशुवैद्य विल्यम जॅरेट यांनी तो 1964 साली शोधून काढला. तो मांजराचा मांजराला लागतो. माणसाला, म्हशीला किंवा कुत्र्याला लागत नाही. दुधातून, खव्यातून माणसाकडे येण्याचा तर प्रश्नच नाही. नावात रक्ताचा कॅन्सर असला तरी बरीच मांजरे कॅन्सरने मरत नाहीत. अंगातले रक्त कमी होते, रोगाशी झुंजायची ताकद जाते आणि साध्या साध्या आजाराने मांजर खंगत जाते. विषाणू अंगात कायमचा मुरला तर औषधाने निघत नाही, आणि अशी बहुतेक मांजरे काही वर्षांतच जातात.

हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणे, एका बशीत तोंड घालणे, बोक्यांची भांडणे आणि चावे, या त्याच्या वाटा. आईकडून पिल्लांना पोटातच किंवा दुधातूनही मिळतो. बाहेर पडल्यावर मात्र तो दुबळा आहे. वाळला की थोड्या वेळात मरतो, साबणाच्या पाण्याने तर लगेच. लहान पिल्लांना तो पटकन धरतो. मांजर मोठे झाले की लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

आता आपल्या भट्ट्या डोळ्यांसमोर आणा. भूम तालुक्यात खव्याची भट्टी म्हटली की खुरचणीचा वास आला आणि वासामागे गल्लीतली सगळी मांजरे आली. सांडलेले दूध एका थाळीत ओतून ठेवायचे आणि पाच-सात मांजरांनी गोल करून प्यायचे, हे चित्र आपण रोज बघतो. या विषाणूला याहून चांगली जागा सापडणार नाही. म्हणजे पुण्यातल्या बंद खोलीत एकट्याने राहणाऱ्या पिल्लापेक्षा भट्टीवरच्या तीन पिल्लांनाच या लशीची गरज जास्त. पण ही लस आपल्या तालुक्यात मागितल्याबरोबर मिळेल अशी नाही. शिवाय लशीआधी रक्त तपासावे लागते, कारण विषाणू आधीच अंगात असेल तर लशीचा काही उपयोग होत नाही. लस दोनदा टोचायची असते, तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि वर्षाने पुन्हा. एवढे करूनही ती शंभर टक्के राखण करीत नाही.

मग घरातला पैसा आणि भूमच्या फेऱ्या कशावर खर्च करायच्या? इथे माझी एक गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण तिच्यामुळे कोणाचे भांडण टळले तर बरेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी तीन पिल्ले होती. एके दिवशी एक खायचे थांबले. पाण्याच्या भांड्याशी मान घालून नुसते बसून राहिले, ओकले, दुसऱ्या दिवशी संडासवाटे रक्त गेले आणि मेले. तीन दिवसांत तिन्ही गेली. शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या होत्या. मी सगळ्या गल्लीसमोर त्यांना वाटेल ते बोललो. अख्खे आयुष्य लोकांना औषधे जपून वापरा म्हणून सांगण्यात गेले, त्यामुळे माझी खात्रीच होती. चार महिन्यांनी नवे पिल्लू आणले आणि त्याच गोणपाटावर निजवले. आठवड्याने त्यालाही तेच झाले. या वेळी शेजाऱ्यांच्या घराला कुलूप होते, ते मुलीकडे गेले होते. तेव्हा कुठे मी पिल्लू डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सांगितले, हा मांजरांचा पार्वो. कुत्र्याच्या पिल्लांना होतो त्याच जातीचा. याचा विषाणू गोणपाटात, जमिनीच्या भेगांत वर्षभरही टिकतो आणि साध्या धुण्याने जात नाही. तो मारायला पाण्यात मिसळलेले ब्लिचिंगच हवे. (फिनाईल नको. ते मांजराच्या अंगाला बाधते.) शेजाऱ्यांची मी माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, पण पूर्वीसारखे बोलणे व्हायला वर्ष गेले.

या पार्वोवर लस आहे आणि ती मांजरांच्या सर्दी-डोळ्यांच्या दोन रोगांबरोबर एकाच टोचणीत मिळते. पिल्लू दोन महिन्यांचे झाले की पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, चार महिन्यांचे होईपर्यंत. ताईंची पिल्ले नेमकी या वयाची आहेत. तेव्हा पहिली टोचणी आत्ताच. ल्युकेमियाने एखादे मांजर दोन-तीन वर्षांत जाईल, पार्वो अख्खी वेत आठवड्यात नेतो.

आणि सासूबाईंनी ज्याला खरोखर भ्यावे तो रोग वेगळाच आहे. तो रेबीज. भट्टीवर रात्री मोकाट कुत्रीही येतात. पिसाळलेल्या कुत्र्याने मांजराला धरले आणि मांजर निसटून आले, तर पुढे ते घरातच पिसाळते. अंधाऱ्या कोपऱ्यात, सरपणात लपते, आणि हात घालणाऱ्याच्या अंगावर झेप घेते. त्या सरपणात हात घालणारी बहुधा लहान मुले असतात. मार बसेल म्हणून ती चावा लपवतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की उपाय उरत नाही. म्हणून पिल्ले तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस चुकवू नये, मग दरवर्षी. भाटीलाही टोचून घ्या. आणि मांजर चावले किंवा रक्त येईल असे ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि सांगितलेले सगळे डोस पुरे करा. मांजराला लस टोचलेली असली तरीही जायचे.

रानात सोडलेल्या पिल्लांचे काय होते, हे यावरून ध्यानात यावे. कुत्री त्यांना धरतात, आणि एखादे वाचून वस्तीवर परतते ते काय घेऊन परतेल याचा नेम नाही. इकडे पेंडीच्या पोत्यांवर उंदीर मोकळे होतात ते निराळेच.

तेव्हा ताई, माझे मत असे. मुलाला पिल्लू नेऊ द्या आणि पुण्यात रक्त तपासू द्या. बोटाएवढ्या पट्टीवर काही मिनिटांत कळते. एकाच आईची पिल्ले असली तरी त्या एका तपासणीवरून उरलेल्यांचे खात्रीने सांगता येत नाही. दोष निघाला तर भाटी आणि तिन्ही पिल्ले संशयात धरायची, शेजारच्या मांजरांत मिसळू द्यायची नाहीत. दोष नसला तर खोलीत एकटे राहणाऱ्या पिल्लाला ल्युकेमियाची लस लगेच हवीच असे नाही, तिथले डॉक्टर ठरवतील. मात्र त्याच्या खोलीसोबत्याने आधीच दुसरे मांजर पाळले असेल, तर त्याचेही रक्त आधी बघायला हवे.

भट्टीवरच्या तिघांना पार्वोची आणि रेबीजची लस. भाटी पिल्लांपासून सुटली की तिची नसबंदी करून घ्या. मांजर एका वर्षात दोन-तीनदा विते. सात घरे पिल्ले फिरवीत नेण्याची तिची खोड आपण कौतुकाने सांगतो, पण त्या सात घरांतल्या बशांत तोंड घालूनच रोग फिरतो. बोक्याचीही नसबंदी झाली तर भांडणे आणि चावे कमी होतात.

दवाखान्यात न्यायला पोते वापरू नका. त्यात पिल्लू गुदमरते आणि सोडताना हाताला ओरबाडते. कोंबड्या झाकायचे डालगे उलटे करून, वर धडपा बांधून न्या. निघण्यापूर्वी फोन करून लस आली आहे ना, ते विचारा; एका बाटलीसाठी दोन फेऱ्या नकोत. सासूबाई भाटीला रोज दूध-भाकरी घालतात तशी घालू द्या. फक्त थाळी भट्टीपासून लांब ठेवा, पिल्लांची वेगळी, आणि बाहेरची मांजरे पिऊन गेली की साबणाने धुवून पालथी घाला. पुण्याचा निकाल आला की मला कळवा.