आतल्या खोलीचा अॅम्प्लिफायर

हॉलमध्ये मोठी सिस्टीम असली, तरी आतल्या खोलीत आजोबांना नाट्यगीतं निवांत ऐकायला वेगळा स्टिरिओ लागतो. त्यासाठी स्वस्तातला इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर घेताना आपण आधी वॉट बघतो. पण मंडळी, वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे वॉट दहापट! उलट ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर अवघ्या १ वॉटवर मीटरभर अंतरावर ८७ डेसिबल देतो. दहा बाय बाराच्या खोलीला दर चॅनेलला ३०-४० वॉट भरपूर झाले. अर्थात आरएमएस, पीएमपीओचा आकडा वाचूच नका.

मग बघायचं काय? मागची बाजू. यामाहाच्या ए-एस२०१ ला १०० वॉट आहेत, ए-एस३०१ ला ६०च. तरी ३०१ वरचं मॉडेल. त्यात टीव्हीची ऑप्टिकल केबल थेट लावता येते, २०१ मध्ये ती सोय नाही. रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट दोन्हींत आहे. टीव्ही जोडायचा नसेल, तर २०१ पुरे.

माळ्यावरचे जुने स्पीकर काढणार असाल, तर त्यांच्या मागे लिहिलेले ओहम वाचा. किमान ६ ओहम सांगणाऱ्या अॅम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर लावले, तर तो तापून बंद पडू शकतो.

वॉटवर वाचलेले पैसे स्पीकरवर घाला. आवाजात खरा फरक तिथे पडतो.