ग्रंथपालांनो, आता तुम्हीही लिहा!



आमच्या शाळेतले ग्रंथपाल सर निवृत्त झाले तेव्हा चार्ज देण्याघेण्याचं काम तीन दिवस चाललं. दाखल नोंदवही तपासली, कपाटांच्या किल्ल्या मोजल्या, गहाळ पुस्तकांची यादी झाली, सह्या झाल्या. सगळं काही जागच्या जागी होतं. पुढच्याच आठवड्यात सातवीतला एक मुलगा ग्रंथालयाच्या दारातून परत आला. म्हणाला, "सर मला बरोब्बर आवडेल असंच पुस्तक काढून द्यायचे. आता कुणाला विचारू?"

तेव्हा लक्षात आलं, चार्जमध्ये एक गोष्ट द्यायची राहूनच गेली. कोणतं पुस्तक कोणत्या मुलाच्या हातात द्यावं, हे पंचवीस-तीस वर्षांत जमा झालेलं शहाणपण कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. ते सरांबरोबर घरी गेलं.

म्हणून आज थोडं स्पष्टच लिहितो. ग्रंथपालांनी, आणि ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर आधी, पुस्तकांविषयी नियमित लिहायला हवं. मोठे लेख नकोत. आठवड्याला एक पुस्तक आणि आठ-दहा ओळी, एवढंच.

हे काम ग्रंथपालाचं का?

डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. परीक्षेला हे पाचही तोंडपाठ असतात. पण तिसरा जरा नीट वाचा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. कपाटातलं पुस्तक काही स्वतः उठून वाचक शोधायला जात नाही. त्याच्या वतीने कुणीतरी बोलावं लागतं.

ड्यूई पद्धतीत मराठी कादंबरीला ८९१.४६३ हा वर्गांक मिळतो. पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते या आकड्यावरून कळतं. ते का वाचावं, हे मात्र आकडा सांगत नाही. ते माणसानेच सांगायचं असतं.

आणि हे काही नवीन फॅड नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं. संस्थानात गावोगावी ग्रंथालयं निघाली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. त्याबरोबरच १९१२ पासून तिथून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघायला लागलं. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असायचा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, खिळे जुळवून छापायच्या काळात, ग्रंथालयातली माणसं लोकांसाठी लिहीत होती. आज तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे!

लिहायचं कसं?

नमुना म्हणून व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर अशी नोंद लिहिता येईल:

"एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नोकरीला येतो. शाळा बंद पडल्यासारखीच असते, कारण पोरं मेंढरांमागे. हळूहळू मास्तर वाडीचा होतो. अर्ज लिहितो, भांडणं सोडवतो. मग दुष्काळ पडतो. पुढे काय होतं ते वाचूनच बघा. काही शब्द माणदेशी बोलीतले आहेत, अडले तर मला येऊन विचारा. ज्यांच्या घरी गुरं-मेंढरं आहेत त्यांनी वाचावं. नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकांनी तर नक्कीच!"

यात समीक्षा नाही, 'वाचनाचे महत्त्व' नाही. पुस्तक कशाबद्दल आहे, वाचताना कुठे अडेल आणि कुणी वाचावं, या तीनच गोष्टी. शेवट मात्र सांगायचा नाही.

ही नोंद ग्रंथालयाच्या दारातल्या फळ्यावर लिहा, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, कागदावर लिहून पुस्तकाच्या आत चिकटवा. आणि एका वहीत तारीख घालून उतरवून ठेवा. ही वही पुढच्या माणसाला चार्जमध्ये द्या.

दोन पथ्यं

पहिलं, कुणी कोणतं पुस्तक नेलं हे नावानिशी कधीही लिहू नका. वडील गेल्यानंतर एखादी मुलगी मरणाविषयीचं पुस्तक नेते, ती गोष्ट तिची आणि तुमची. पुस्तकाबद्दल लिहा, वाचकाबद्दल नको.

दुसरं, पुस्तकाबद्दल लिहायचं म्हणजे पुस्तकाची पीडीएफ पाठवायची नव्हे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या पुस्तकावर हक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' आज मोकळं आहे. पण हयात लेखकाचं पुस्तक स्कॅन करून फिरवणं म्हणजे त्याच्या कष्टावर डल्लाच. ग्रंथपालाने तरी ते करू नये.

"सर, वेळ कुठे आहे?"

हा प्रश्न येणार, आणि तो खोटा नाही. कितीतरी शाळांमध्ये ग्रंथपालच नाही. एखाद्या शिक्षकाकडे नाहीतर क्लार्ककडे कपाटाची किल्ली असते. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत असं म्हटलं आहे. पण तिथे माणूस नसेल तर ग्रंथालयाची अडगळ होते. पदं भरली पाहिजेत, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायलाच हवी. पण गंमत बघा, जो ग्रंथपाल दर आठवड्याला लिहितो, त्याचं काम पालकांना दिसतं. जे दिसतं त्यासाठी पालक भांडतात. 'फक्त पुस्तकं देतात-घेतात' असं ज्याच्याबद्दल वाटतं, त्याचं पद रिकामं राहिलं तरी कुणी विचारत नाही.

"मला लिहिता येत नाही" असंही काही जण म्हणतात. अहो, देवघेवीच्या टेबलावर तुम्ही मुलांशी जे बोलता तेच कागदावर उतरवा. वाक्यं साधी असली तरी चालतील.

बी.लिब.च्या विद्यार्थ्यांना तर माझं खास सांगणं आहे. वर्गीकरण शिका, तालिकीकरण शिका, पण आठवड्याला एक पुस्तक पूर्ण वाचून एक नोंदही लिहा. वर्षाला पन्नास होतील. मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी आपण पुस्तकं टेबलावर मांडतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी परत कपाटात ठेवतो. यंदा मांडलेल्या निदान दहा पुस्तकांत एकेक चिठ्ठी ठेवून बघू या. पालकहो, तुम्हीही घरी वाचलेल्या पुस्तकावर दोन ओळी लिहून शाळेत पाठवा.

तो सातवीतला मुलगा आता आठवीत गेलाय. ग्रंथालयात फारसा येत नाही. सरांची वही असती तर कदाचित आला असता.