आधी काटा, मग पाटा

मे महिना लागला की बीड-अंबाजोगाई पट्ट्यातल्या पाटेवाल्यांच्या दारात पिकअप दिसू लागतात. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून पंढरपूरकडे जाते. गावोगावच्या लहान दिंड्याही निघतात, आणि प्रत्येकीला बरोबर एक गाडी लागतेच. हौद्यावर अँगलचा सांगाडा, वर पत्रा नाहीतर ताडपत्री, आत फळ्यांचे दोन मजले, मागच्या टोकाला पाण्याची टाकी, बाजूला शेगडीची पेटी. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात हौशी लोक पिकअपवर अख्खी खोली ठेवून भटकतात. आपली दिंडीची गाडी जातीने तीच, फक्त तिच्यात चाळीस जणांचा संसार असतो. मालक गाडी उभी करतो आणि म्हणतो, "मागून लई बसतीय मिस्त्री, दोन-दोन पाटे टाका." आपण टाकतो. दोन-तीन तासांत गाडी मागून चार बोटं उचलते. मालक खूश, आपले पैसे रोख.

त्या "आपण टाकतो"बद्दलच यावेळी लिहायचं आहे.

गाडी बसली म्हणजे पाटा कमी पडला, असं आपण धरून चालतो. आधी वजन किती ते कोण विचारतं? साधा हिशेब मांडू. सांगाडा आणि पत्रा ३५० किलो. पाचशे लिटरची टाकी भरली की ५०० किलो. दोन भरलेले घरगुती सिलिंडर साधारण ६० किलो. धान्य-किराणा २०० किलो. चाळीस वारकऱ्यांच्या वळकट्या आणि पिशव्या, माणशी आठ किलो धरल्या तरी ३२० किलो. तंबू, ताडपत्र्या, भांडी, टाळ-मृदंग यांचे १५० किलो. झाले १,५८० किलो, आणि अजून एकही माणूस वर चढलेला नाही. खरं तर मालगाडीत माणसं बसवायचीच नसतात, पण रस्त्यावर काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आता गाडी १,३०० किलो क्षमतेची असेल, तर दोष पाट्याचा कसा? पाटा बिचारा खरं बोलतोय.

आपल्या जिल्ह्यात वजनकाट्याला तोटा नाही. जिनिंगवर, साखर कारखान्यावर, मार्केट यार्डाजवळ काटा असतोच. गाडी संपूर्ण सामानासह, टाकी भरून न्यायला सांगा आणि तीन पावत्या मागा: सगळी गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. तिसरी पावती सगळ्यात महत्त्वाची. ती हातात आल्याशिवाय पाट्याचं बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती पावती कधीकधी चक्रावून टाकते. समजा पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर तीन मीटर आहे. ३०० किलोची टाकी मागच्या एक्सलच्याही मागे ९० सेंटिमीटरवर लटकवली, तर मागच्या एक्सलवर ३०० नव्हे, ३९० किलो येतात. वरचे ९० कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. स्टेअरिंग हलकं लागतं, घाटात वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते, आणि ड्रायव्हर म्हणतो "पाटे कमजोर आहेत". अशा वेळी टाकी एक्सलच्या पुढे, केबिनला लागून बसवली की निम्मं दुखणं जातं, तेही वेल्डिंगच्या मजुरीत. टाकीत आडव्या पट्ट्याही घालून द्या. माजलगावहून धारूरला चढताना अर्धी टाकी कशी हिंदकळते, ते ज्याने अनुभवलंय त्याला जास्त सांगायला नको.

वजन गाडीच्या क्षमतेत बसलं, टाकी पुढे आली, तरीही मागून बसते, तर मग पाटा. पण कुठला? इथे आपली मंडळी दोन वेगळी गिऱ्हाइकं एकाच मापाने मोजतात. चहाची गाडी, रसवंती, कायमची खोली बांधलेली गाडी, यांच्यावर वजन रात्रंदिवस असतं. तिथे जुन्या संचात भर न घालता ठरलेल्या वजनाचा पूर्ण नवा संच घालणं बरं. ऑस्ट्रेलियात कायम अमुक किलो भार असेल तर अमुक संच, असेच पाटे विकले जातात. दिंडीची गाडी मात्र महिनाभर भरलेली असते आणि पुढचे अकरा महिने कापूस, दूध, कधी काहीच नाही. तिला कायमचे जाड पाटे घातले की रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते आणि ब्रेक दाबताच मागची चाकं घसरतात. तिला भार आल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा योग्य, तोही काढता येईल असा.

जाडीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण चूक इथेच होते. सहा सारख्या पाट्यांत तसाच सातवा घातला, तर ताठपणा सहाव्या हिश्शाने वाढतो. पण ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. शिवाय तेवढाच वाकला तरी त्याच्यावर ताण सव्वापट येतो. तुटायची वेळ आली की आधी तोच तुटतो.

आणि कमान देणं. बसलेला पाटा भट्टीत लाल करून, ठोकून, पाण्यात बुडवून परत लावायची पद्धत अजून आहे. स्प्रिंगच्या पोलादाला साधारण ८५० अंशांवरून तेलात थंड करून पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांवर ऊब द्यावी लागते. ती सोय नसेल तर पाटा तापवू नका, नवा घ्या. पाट्याला वेल्डिंगचा टाका तर चुकूनही नको.

शॉकअपवाल्यांनाही एक सांगायचंय. शॉकअप वजन उचलत नाही, उसळी दाबतो. पाटा ताठ केला आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर उंच सांगाड्याची गाडी पाळण्यासारखी डुलते. हवेच्या पिशव्यांनी उंची कमी-जास्त करता येते, त्या वाईट नाहीत, पण त्यांचा भार चेसिसवर एकाच जागी येतो. तिथे आधाराची प्लेट हवी.

एक गोष्ट फार कमी जण पाहतात. अनेक पिकअपना मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, आपल्या बोलीत एलएसपीव्ही. एक्सल आणि चेसिस यांच्यातल्या अंतरावरून तो गाडी भरली की रिकामी ते ठरवतो. आपण चार बोटं उचलली, की त्याला वाटतं गाडी रिकामी, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. दांडी नव्या उंचीला जुळवून घेतली नाही, तर भरलेली गाडी मांजरसुंब्याच्या उतारावर जवळजवळ पुढच्या ब्रेकवरच थांबवावी लागते. हेडलाइटही जमिनीकडे पाहत असतात, ते वेगळंच.

टायर विसरू नका. बाजूला लिहिलेला भाराचा आकडा १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, १०८ असेल तर १,०००. मागच्या पावतीला दोनाने भागा आणि ताडून पाहा.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात, टँकरची मागणी पेटली होती तेव्हा, एका पिकअपवर दोन हजार लिटरची टाकी होती. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी मी दोन्ही बाजूंना पाटे टाकून दिले. महिनाभराने पाटे शाबूत होते, शॅकलजवळची चेसिस चिरली होती. गाडी रिकामी असताना चिरलेली कळली, म्हणून बरं.

कायद्याचंही माहीत असावं. पाटे वाढवून आर.सी.वरचा एकूण वजनाचा आकडा वाढत नाही. जास्त भाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार दंड आहे. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२-अ आहे, आणि ते गाडीमालकाला लागतं. मालकाला हे आपण सांगायचं, गाडी जॅकवर घ्यायच्या आधी.

काम झाल्यावर यू-बोल्ट नवेच वापरा, आणि पाचशे किलोमीटरनंतर, गाडी भरलेली असताना, पुन्हा आवळायला बोलवा. दिंडीची गाडी तेवढ्यात परत येणार नाही. म्हणून बिलावरच मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि वाटेतल्या मुक्कामावर ओळखीचा मिस्त्री असेल तर त्याचा नंबर द्या. यंदा तुमच्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या काट्याच्या पावत्यांचे फोटो, गाडीचा नंबर झाकून, कार्यालयात पाठवा. जुलैच्या अंकात त्या एकमेकींशेजारी छापू.