गप्प बसवण्याचा धंदा

28 मे 2023 रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या महिला कुस्तीगीरांना दिल्ली पोलिसांनी फरफटत उचलले. विनेश आणि संगीता फोगाट यांचा पोलिसांच्या गाडीतला फोटो मग समाजमाध्यमांवर फिरला, तोही दोघींच्या चेहऱ्यांवर हसू चिकटवून. मूळ फोटोत त्या हसत नव्हत्या. खोटेपणा उघड होईपर्यंत ‘सगळे नाटक आहे’ असा निकाल घरोघरच्या मोबाइलवर लागूनही गेला होता. कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावरील लैंगिक छळाच्या आरोपांचे काय, हा प्रश्न बाजूला पडून तक्रार करणाऱ्याच आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात डॉक्टर तरुणीवरील बलात्कार आणि खुनाविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या. त्या निषेधात सामील झालेल्या अभिनेत्री आणि माजी खासदार मिमी चक्रवर्ती यांना समाजमाध्यमांवर बलात्काराच्याच धमक्या आल्या. अशा धमकीला प्रतिवाद म्हणत नाहीत. पुढच्या मोर्चाला निघालेल्या मुलीने आणि तिच्या आईवडिलांनी ती वाचावी अन् घरी बसावे, एवढाच तिचा हेतू असतो.

खोट्या नावाआडचे लोक सापडत नाहीत, ही सबब टिकणारी नाही. जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडण्यात आला. आवाज उठवणाऱ्या पत्रकार, कार्यकर्त्या त्यात होत्या. दिल्लीत गुन्हा नोंदवला गेला, पण सहा महिने कोणालाही अटक झाली नाही. जानेवारी 2022 मध्ये तोच प्रकार ‘बुल्ली बाई’ नावाने पुन्हा झाला, तेव्हा मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांतच संशयितांना पकडले. त्यानंतर दिल्ली पोलिसांनाही ‘सुल्ली डील्स’चा आरोपी सापडला! अडले होते ते इच्छाशक्तीपाशी.

कायद्याचीही वानवा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये ऑनलाइन पाठलाग, तर 79 मध्ये स्त्रीच्या विनयाचा शब्दांनी केलेला अपमान गुन्हा आहे. कलम 351 नुसार ओळख लपवून धमकी दिल्यास दोन वर्षांपर्यंत जादा शिक्षा होऊ शकते. तरीही पोलीस ठाण्यात गेलेल्या मुलीला पहिला सल्ला मिळतो, ‘ब्लॉक करा, अकाउंट बंद करा.’ म्हणजे शिवी देणारा राहणार आणि बोलणारी जाणार.

राजकीय पक्षांचा या धंद्यातला वाटा झाकण्यात अर्थ नाही. विरोधी गोटातल्या बाईवर चिखल उडाला की प्रत्येकाचे समर्थक टाळ्या पिटतात आणि नेते मौन पाळतात. अशा समर्थकांना पक्षांनी जाहीरपणे दूर केले पाहिजे. पोलिसांनी पहिल्या तक्रारीलाच गुन्हा नोंदवावा. समाजमाध्यम कंपन्यांनी धमकीचा मजकूर हटवताना तपासासाठी पुरावा जपून ठेवावा. मुंबई पोलिसांनी 2022 मध्ये दाखवलेली तत्परता महाराष्ट्रातल्या प्रत्येक ठाण्यात दिसायला हवी. त्यासाठी देशभर गाजावाजा होण्याची वाट कोणत्याही मुलीला पाहावी लागू नये.