चार कोटी अंकांची मूळ संख्या सापडली, पण तुमचा पासवर्ड होता तिथेच आहे

२१ ऑक्टोबर २०२४ ला आतापर्यंतची सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली. माझ्या रूममेटचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आता नेटबँकिंग अजून सेफ होणार का?" नाही, अजिबात नाही. का, ते बघू.

संख्या लिहायला सोपी आहे: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. पूर्ण लिहिली तर ४,१०,२४,३२० अंक होतात. सेकंदाला एक अंक वाचला तर झोप-जेवण सोडून सुमारे ४७५ दिवस लागतील. पण बायनरीत ती म्हणजे नुसते १, १, १. जागा फक्त १७ एमबी, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एखाद्या व्हिडिओएवढी.

आता सिक्युरिटीचं. आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर असतो आणि त्या दोन संख्या गुप्त असतात. २०४८ बिटच्या कीमध्ये त्या प्रत्येकी साधारण ३०० अंकी असतात. सगळी ताकद त्या कुणाला माहीत नसण्यात आहे. बातमीत छापून आलेली संख्या म्हणजे दारावर चिकटवलेली किल्ली. शिवाय एवढ्या अवाढव्य संख्येने गणितं करायची तर पेमेंटचं चक्र फिरतच राहील.

मला यातली खरी बातमी वेगळी वाटते. १९९६ पासून 'जिम्प्स' या प्रकल्पात जगभरातले हौशी लोक आपापल्या पीसीवर अशा संख्या शोधतायत. मीही हॉस्टेलमध्ये असताना त्यांचं प्राइम९५ चालवलं होतं. हाती काही लागलं नाही, पण लॅपटॉपवर पापड भाजता आला असता. यावेळी मात्र शोध लावला ल्यूक ड्युरंट यांनी. ते एनव्हिडियाचे माजी कर्मचारी. त्यांनी १७ देशांतल्या डेटा सेंटरमधले जीपीयू क्लाउडवरून कामाला लावले. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या ए१०० चिपने "बहुतेक मूळ" असा कौल दिला. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या एच१०० ने लुकास-लेमर चाचणीने शिक्कामोर्तब केलं. या चिप्स आज एआयसाठी वापरतात त्याच.

ही चाचणी गंमतीची आहे. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा: १४. त्याला ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून ७ (२ चा घन वजा १) मूळ. इथे एकाच पायरीत काम झालं. नव्या संख्येसाठी हेच १३ कोटींहून जास्त वेळा करावं लागतं, आणि मध्ये एक बिट जरी चुकला तरी सगळं वाया. म्हणूनच वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या प्रोग्रामने पुन्हा तपासतात.

म्हणजे घरच्या पीसीवाल्यांचा खेळ संपला का? कायद्याने नाही, पण शर्यत आता रिक्षा आणि वंदे भारतची झालीये. पुढचा टप्पा १० कोटी अंकांचा. त्यासाठी 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन'चं दीड लाख डॉलरचं बक्षीस अजून कुणी जिंकलेलं नाही, आणि ड्युरंट यांची संख्या त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही.