शर्यतीचा बैल आणि खाचरांतला बैल

राजगडाच्या पाली दरवाज्याखालीं पालीचें शिवार पसरलेलें आहे. वेल्ह्याच्या या डोंगरी मुलखांत शेत म्हणजे भाताचें खाचर. आषाढाच्या पावसांत, चिखलणीच्या वेळीं गुडघाभर चिखलांतून औत ओढणाऱ्या बैलाचें नांव कोणत्याही फलकावर झळकत नाहीं, त्याच्यावर कोणी पैज लावीत नाहीं, त्याच्यासाठीं हलगी वाजत नाहीं. त्या बैलाच्या वतीनें आज आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत; कारण त्याच्याच नांवावर दुसऱ्या एका बैलाचा बाजार मांडला जात आहे.

सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायदा बदलला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं शर्यतींस सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो बदल वैध ठरविला. कायद्याचा वाद तेथें मिटला. तो आम्ही उकरून काढीत नाहीं. परंतु जें दंडनीय नाहीं तें सर्व प्रशंसनीय आहे, असें मात्र कोणीं समजूं नये.

शर्यतीचे कैवारी प्रथम सांगतात कीं, आमचा खेळ म्हणजे स्पेनांतली बैलझुंज नव्हे. खरें आहे. तेथें घोड्यावरचा भालाईत बैलाचा खांदा फोडतो, मग पाठींत सळया रोवल्या जातात, आणि शेवटीं लाल कापड नाचविणारा खेळाडू तरवारीनें त्याचा अंत करतो. आम्ही बैल मारीत नाहीं. पण शेजाऱ्याच्या घरीं खून झाला, म्हणून आपल्या घरची मारहाण सभ्य ठरत नाहीं. शिवाय होसेलितो १९२० सालीं आणि मानोलेते १९४७ सालीं बैलाच्या शिंगानेंच मेले. त्या क्रूर खेळांत माणूस निदान आपला देह पणास लावतो. जुन्नर, आंबेगांव, खेडच्या घाटांत छाती फुटेस्तोंवर धांवावयाचें बैलानें आणि फेटा बांधून घ्यावयाचा मालकानें! माणसें तेथेंही जखमी होतात, पण तो अपघात; बैलाचें धांवणें हा मात्र कार्यक्रम.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. शर्यत बंद पडली तर खिल्लार जात नष्ट होईल, असें म्हणतात. नेमकें हेंच स्पेनचे लोक आपल्या रिंगणाच्या बैलाविषयीं म्हणतात. तो बैल पिढ्यान् पिढ्या केवळ रिंगणासाठीं निपजविलेला. नांगराशीं त्याचा संबंध नाहीं. जात टिकली, पण शेतकऱ्याचा सोबती उरला नाहीं. आमची वाटचाल त्याच दिशेनें चालली आहे. ज्याला दूध आणि अंडीं चारलीं जातात, ज्याची किंमत लाखांत बोलली जाते आणि ज्याची मान औताच्या जुवाखालीं जात नाहीं, तो बैल कृषिसंस्कृतीचा प्रतिनिधि कसा? अलीकडच्या मोठ्या शर्यतींत ट्रॅक्टर बक्षीस लागला आहे. ज्या यंत्रानें बैलास शेतांतून हुसकून लावलें, तेंच त्याच्या पराक्रमाचें पारितोषिक! यापेक्षां बोलका पुरावा आम्हांस हुडकतां आला नसता.

परंपरेचें नांव घ्यावयाचें, तर पोळ्याचें आणि बेंदराचें घ्यावें. त्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. त्यास न्हाऊ घालतात, शिंगें रंगवितात, पुरणपोळीचा घांस भरवितात. आमच्या पूर्वजांनीं बैलाचा गौरव केला तो त्यास विसांवा देऊन. वर्षभराच्या श्रमांची ती कृतज्ञता होती, पैजेची उत्कंठा नव्हे.

म्हणून यात्रा भरविणाऱ्या मंडळींस आमची सूचना आहे. वर्गणींतला कांहीं भाग चिखलणीच्या बैलांसाठीं ठेवा. ज्याचा खांदा सोललेला नाहीं, खूर निरोगी आहेत, अंगावर वळ नाहींत, अशा राबत्या जोडीस पशुवैद्याकडून तपासून मानाचा फेटा बांधा. आणि ज्या सुशिक्षित कुटुंबांस बैलाचें एकाएकीं प्रेम वाटूं लागलें आहे, त्यांनीं एकदां आषाढांत पालीच्या बांधावर उभें राहावें. तेथें टाळ्या वाजविण्यासारखें कांहीं घडत नाहीं. पण आपल्या पानांत पडणारा भात कोणाच्या मानेवरून येत आला, हें तेवढें कळेल.